दुसऱ्यांचे पत्ते लिहिणारा ड्रायव्हर

पासपोर्टच्या अर्जात 'कायमचा पत्ता' नावाचा एक रकाना असतो. जन्मला त्या घरात जो म्हातारा झाला, त्याला तो भरायला अर्धं मिनिट पुरतं. मी त्या रकान्यावर तीन दिवस पेन टेकवून बसलो होतो. मस्कतजवळच्या मवालेहच्या भाजीबाजारात मी निदान शंभर जणांचे तरी पत्ते लिहून दिले असतील, आणि माझ्याच पत्त्यापाशी माझी गाडी अडली.

मी सोळा वर्षं ओमानात फ्रीझरचा ट्रक चालवला. गेल्या वर्षी किल्ली परत केली. सध्या कुडाळला स्टेशनजवळ एका खोलीत राहतो, भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे. ट्रक चालवणाऱ्याकडे लिहिण्यासारखं काय असणार, असं मलाही वाटायचं. पण या धंद्यात एकटेपण इतकं मिळतं की माणूस मनातल्या मनात सगळं लिहूनच ठेवतो.

आधी धंदा सांगतो. मवालेहला भाजी आणि फळांचा घाऊक बाजार आहे. तिथे माल भरायचा आणि इब्रा, सूर, सोहार, निझवा, कधी पार हैमापर्यंत दुकानादुकानांत उतरवत जायचं. लोकांना वाटतं, फ्रीझर लावला की झालं. तसं नसतं. केळ्याला जास्त थंडी लागली की ते काळं पडतं आणि कोथिंबिरीला थंडी कमी पडली की ती पिवळी होते. एकाच गाडीत केळी, टोमॅटो आणि कोथिंबीर तिन्ही असतात. मग थंडीचा काटा मध्ये कुठेतरी ठेवून सगळ्यांना थोडं थोडं दुखवत न्यायचं. एकत्र कुटुंब चालवतात तसंच ते.

कंपनीने सुरुवातीला मला मवालेहला आठ जणांच्या खोलीत एक खाट दिली होती. महिन्यातून तीन-चार वेळाच मी त्या खाटेवर आडवा होत असे. एक दिवस कंपनीच्या माणसाने विचारलं, "मनोहर, तुझी खाट दुसऱ्याला देऊ का?" मी म्हटलं, द्या. त्या दिवसापासून माझं बिऱ्हाड केबिनमध्ये. सीटच्या मागे झोपायची फळी, तिच्याखाली कपड्यांची बॅग, एक छोटा स्टोव्ह आणि बिस्किटांच्या डब्यात कागदपत्रं. आंघोळ पेट्रोल पंपावर. पत्र आलंच तर कंपनीच्या पोस्टबॉक्सवर यायचं, आणि पोस्टबॉक्सात काही माणूस राहत नाही.

तसा तेव्हाच्या ओमानात नुसता पत्ता सांगून कुणी कुठे पोचत नसे. दुकान कुठे? निळ्या घुमटाच्या मशिदीमागे. नवीन गिऱ्हाईक कुठे? दुसरं गोल चक्कर सोडून पाण्याच्या टाकीखाली. असे शेकडो पत्ते मला तोंडपाठ होते. इब्र्याचा एक म्हातारा दुकानदार, सालेम त्याचं नाव, टोमॅटोची प्रत्येक पेटी तळापर्यंत उपसून बघायचा आणि उपसता उपसता मला विचारायचा, "वेन बैत?" म्हणजे घर कुठे. मी ट्रककडे बोट दाखवायचो. तो मान हलवायचा. "हादा सय्यारा. बैत वेन?" ही तर गाडी, घर कुठे? आठवड्यातून एकदा हाच प्रश्न, सात वर्षं. मला वाटायचं, म्हातारा विसरतो. नंतर कळलं, विसरत नव्हता. माझं उत्तर त्याला पटत नव्हतं.

माझं शिक्षण बारावी आणि इंग्रजी कॅपिटल अक्षर छापल्यासारखं. त्यामुळे बाजाराच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हर लोक माझ्याकडे अर्ज घेऊन यायचे. पुढे अर्ज संगणकावर गेले, तरी कागदावर कच्चा मसुदा माझ्याकडूनच. बाकीचे रकाने सोपे असायचे. अडायचं ते पत्त्यापाशी. जो माणूस वर्षानुवर्षं रस्त्यावर असतो, त्याचं कायद्याने घर कुठलं, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही.

बेळगावकडचा परशराम नावाचा ट्रेलर ड्रायव्हर होता. सोहारच्या औद्योगिक वसाहतीतून लोखंडी सळ्या न्यायचा. मी त्याचा पत्ता लिहायला घेतला आणि राज्याच्या रकान्यात 'कर्नाटक' लिहिलं, तर त्याने माझा हात धरला.

"तिथं महाराष्ट्र लिवा की."

"अरे, पोस्ट तुझं कर्नाटकात. पिन कोड कर्नाटकाचा."

"पिन कोडला काय कळतंय हो? माझा बा महाराष्ट्र म्हणत म्हणत गेला. मी परदेशात येऊन कर्नाटक लिवू?"

मी खूप समजावलं. शेवटी त्याच्या हट्टापुढे महाराष्ट्र लिहिलं. अर्ज आठ दिवसांत परत आला. दुसऱ्यांदा त्याने मुकाट कर्नाटक लिहू दिलं, पण लिहिताना तिकडे पाठ करून उभा राहिला. हसू आलं मला तेव्हा. आता वाटतं, निदान त्याचं भांडण कुठल्या राज्यात राहायचं याचं होतं. घर होतं की नाही, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

दुसरा इस्माईलभाई. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा, माझ्यासारखाच फ्रीझरवाला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. या सोळा वर्षांत ज्याला मित्र म्हणावं असा तो एकच. त्याने गावाकडे दुमजली बंगला बांधला होता. मुलगे कतारला, मुलगी दुबईला, बायको मुलीकडे. बंगल्याला कुलूप. त्याने अर्जात हौसेने बंगल्याचा पत्ता दिला. पोलीस चौकशीला आले तर समोर कुलूप, आणि शेजारची बाई म्हणाली, इथे कुणी नसतं. पासपोर्ट चार महिने लटकला. पुढच्या वेळी इस्माईलभाईने आईच्या जुन्या कौलारू घराचा पत्ता दिला. ऐंशी वर्षांची अम्मी दारात बसलेली असायची. पोलिसाने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली असेल, "हां, माजाच हाय तो."

यातूनच मी नियम काढला आणि बाजारातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावला. अर्ज दिला की त्याच दिवशी घरी फोन करायचा. पोलीस येतील. विचारतील, हा माणूस इथे राहतो का? उत्तर एकच. 'हो, राहतो. सध्या नोकरीसाठी मस्कतला आहे.' 'नाही, तो मस्कतला असतो,' असं म्हणायचं नाही. दोन्ही वाक्यं खरीच आहेत. पण पहिल्याने पासपोर्ट येतो आणि दुसऱ्याने अडतो. पत्ता म्हणजे चार भिंती नव्हेत, कुणीतरी हो म्हणणारं लागतं, असं मी मोठ्या ऐटीत सांगायचो. लोकं माझा सल्ला घेऊन जायची आणि त्यांची कामं व्हायची.

२०१४च्या उन्हाळ्यात माझ्या केबिनच्या एसीची नळी तुंबली. पाणी फळीखाली साचलं आणि बिस्किटांच्या डब्यात गेलं. डबा चांगला घट्ट झाकणाचा होता, त्यामुळे आत गेलेलं पाणी बाहेरही येईना. दोन आठवड्यांनी उघडला तेव्हा पासपोर्टची पानं भाकरीच्या पिठासारखी मऊ झालेली. फोटोतला मी ओळखू येत नव्हतो.

अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे गेलो. माझा अर्बाब चांगला माणूस होता. त्याने पासपोर्ट दोन बोटांत धरला आणि म्हणाला, "मनोहर, बताका दो महिने में खलास. नया जवाज लाओ, मुश्किल माफी. नहीं लाया तो मेरे हाथ में कुछ नहीं. टिकट देगा, घर जाओ." बताका म्हणजे तिथलं राहण्याचं कार्ड, जवाज म्हणजे पासपोर्ट, आणि मुश्किल माफी म्हणजे काही अडचण नाही. बताका नाही तर गाडी नाही.

खराब झालेला पासपोर्ट बदलायचा तर आधी पोलीस चौकशी आणि मगच नवा पासपोर्ट. म्हणजे गंमत बघा. माझं घर आहे हे सिद्ध झालं तर मी परदेशात राहणार होतो, आणि घर नाही असं सिद्ध झालं तर मला घरी पाठवणार होते.

माझ्यापुढे तीन पत्ते होते. एक गावचा, सिंधुदुर्गातला, जिथे थोरला भाऊ विश्रामदादा, वहिनी आणि पुतण्या राहतात. आई गेल्यावर दादाने जुनं पाडून नवीन घर बांधलं, तेव्हा मी हैमाच्या रस्त्यावर होतो. रेशनकार्डावरचं माझं नाव कधीच कमी झालं होतं. दुसरा पत्ता बहिणीचा, पेडण्याला, म्हणजे गोवा राज्य. तिने फोनवर लगेच हो म्हटलं. संध्याकाळी मेहुण्यांचा फोन आला की एकदा वकिलाला विचारलेलं बरं. मी म्हटलं, राहू दे. तिसरा पत्ता इस्माईलभाईचा. तो म्हणाला, "अम्मी सांगेल ना, माजाच हाय म्हणून. तिला काय, एक पोरगा जास्त." पण शंभर जणांना खरे पत्ते लिहायला लावून स्वतः खोटा लिहायचा, हे मला जमेना.

लग्न मी केलं नाही. म्हणजे करायचं नव्हतं असं नाही. दर रजेला एखादी मुलगी बघायची, होकार यायच्या आत रजा संपायची. दोन-तीनदा असं झालं आणि मग वय झालं. त्यामुळे बायकोच्या नावाचा म्हणून जो पत्ता असतो तोही नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी गावचा पत्ता लिहिला. राज्य महाराष्ट्र. अक्षर नेहमीसारखं छापील आलं.

आणि फोन केला नाही.

इस्माईलभाईने दोनदा विचारलं, "काय रे, दुनियेला शिकवलास, घरी फोन केलास काय?" मी खोटं सांगितलं, केला म्हणून. खरं कारण त्यालाही सांगायची लाज वाटत होती. मला बघायचं होतं. न शिकवता, न पढवता, अचानक दारात पोलीस उभा राहिला आणि 'हा कोण तुमचा' म्हणून विचारलं, तर माझी माणसं काय म्हणतात? आपण त्यांचे आहोत हे आपल्याच माणसांना फोन करून सांगावं लागणार असेल, तर तो कागद मिळाला काय आणि न मिळाला काय, असा एक ताठा माझ्या डोक्यात शिरला होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाने करू नये तो पोरकटपणा.

महिन्याने मस्कतच्या पासपोर्ट कचेरीतून बोलावणं आलं. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "सर, रिपोर्ट प्रतिकूल आला आहे." मी विचारलं, काय लिहिलंय? त्याने इकडेतिकडे बघून हळू आवाजात वाचलं. सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. वर्ष-दोन वर्षांनी पाहुणे म्हणून येतात. घरात स्वतंत्र खोली नाही, सामान नाही.

मी त्याचे आभार मानले आणि गाडीत जाऊन बसलो. त्या दिवशी सोहारचा माल होता. दोन-अडीच तासांचा रस्ता, डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे कधी कधी समुद्र. पाहुणे. मला राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग येण्यासारखं त्यात काही खोटं नव्हतं. मी रजेवर गेलो की पडवीत खाट टाकायचे. माझी बॅग आठ दिवस खाटेखाली असायची आणि मी निघालो की बॅगही निघायची. त्या घरात माझा एक जुना टॉवेलसुद्धा नव्हता. सोहारला पोचलो तेव्हा मी काटा बघायला विसरलो होतो. कोथिंबिरीच्या सहा पेट्या पिवळ्या पडल्या. नोकरीत माझ्या हातून माल खराब झाला तो तेवढाच.

उतरवणं झाल्यावर मी गावी फोन लावला. वहिनीने उचलला. मी काही बोलायच्या आत तीच सुरू झाली.

"भावजी, बरे असास मा? पोलीस इलो व्हतो हंय, तुमचा नाव घेत. माजो तर जीवच उडालो. माका वाटलां, तुमी थंय कायतरी केलास, आणि तुमका धरूक इले. म्हणान मी सांगलंय, ते हंय रवणत नायत. पावण्यासारे येतत कदी वर्सा-दोन वर्सान. खोली नाय, सामान नाय, बगा हवा तर. तुमच्या दादाकपण सांगूक नाय, उगाच तेंचा ब्लडप्रेशर वाडात. बरां केलंय मा?"

मी म्हटलं, "बरां केलंत."

मग सगळं समजावून सांगितलं. तशी ती रडायलाच लागली. "अवो, आदी एक फोन करूक काय झालां व्हता? माका काय म्हायत? लोकांचे पोलीस धरूक येतत, तुमचे पत्तो इचारूक येतत."

इस्माईलभाईला हे सांगितलं तेव्हा तो बाजारात पोट धरून हसला. मीही हसलो. मला वाचवायला तिने मला नाकारलं होतं, यापेक्षा जास्त माया ती काय दाखवणार? पण माणसाचं मन वाईट. पोलिसाला तिने जे दाखवलं ते सगळं खरंच होतं. खोली नव्हती, सामान नव्हतं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात जे पटकन येतं, ते आधीपासून तयार असतं म्हणून येतं, असं मला वाटत राहिलं. अजूनही अधूनमधून वाटतं.

अर्बाबने हातापाया पडून बताक्याला थोडी मुदत मिळवली. पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी. या वेळी मी फोन केला आणि वाक्य पाठ करून घेतलं. पोलीस येऊन गेल्यावर वहिनीचाच फोन आला. आवाजात परीक्षा दिल्यासारखी धाप.

"सांगलंय. रवतत म्हणान सांगलंय, नोकरेक मस्कताक असत. तेणी इचारल्यान, खोली खंयची? मी माडयेवरची दाखवलंय. आता इलास की थंयच रवा हां. पोलिसांक सांगलेला खोटां पडूक नको."

पासपोर्ट आला. शेवटच्या पानावर गावचा पत्ता, राज्य महाराष्ट्र. शंभर जणांना मी त्यांच्या पासपोर्टातलं ते पान उघडून दाखवलं असेल, स्पेलिंग बरोबर आहे का म्हणून. माझं मी एकदाच बघितलं आणि डब्यात ठेवलं. नवीन डबा घेतला होता.

पुढच्या वर्षी पंधरा दिवसांची रजा घेऊन गेलो. वहिनीने शब्द पाळला होता. माडीवरच्या खोलीतली भाताची पोती खाली नेली होती, पुतण्याचं टेबल हलवलं होतं. खाट, उशी, भिंतीला शर्ट अडकवायला खिळा. दादा म्हणाला, "ही तुजी खोली." पुढे पुतण्याचं लग्न झालं आणि त्याचा संसार तिथे आला. ते बरोबरच झालं, रिकामी खोली किती वर्षं धरून ठेवायची. पण तेव्हा ती माझी होती.

मला त्या खोलीत झोप लागेना. फ्रीझरच्या घरघरीची सवय, आणि तिथे इतकं शांत. सकाळी खालून भांड्यांचा आवाज यायचा, दादा-वहिनीचं हळू आवाजातलं बोलणं यायचं. मग वहिनी जिना चढून यायची. ट्रेमध्ये कपबशी, दुधाचा चहा आणि चार बिस्किटं. "घेवा भावजी." टेबलावर ठेवून, डोकीवरचा पदर सारखा करून खाली जायची. आमच्या घरात रोज सगळे कोरा चहा पितात, स्वयंपाकघरात, स्टीलच्या पेल्यातून, चुलीच्या आजूबाजूला जागा मिळेल तिथे बसून. दुधाचा चहा आणि बशी कुणाला द्यायची, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. चौदा दिवस मी तो चहा वर एकटा बसून प्यायलो, आणि चौदा दिवस काही बोललो नाही.

पंधराव्या दिवशी ती जिना चढायच्या आत मीच खाली गेलो. दादा पाटावर बसला होता. त्याच्या शेजारी भिंतीला टेकून खाली बसलो आणि म्हटलं, "वयनी, माका कोरी चाय दे. पेल्यात."

ती चुलीपाशी तशीच थांबली. मग तिने दादाच्याच पातेल्यातून पेला भरला आणि माझ्यापुढे ठेवला.

"तुमका कोरी चलता?" ती म्हणाली. "मगे इतके दिवस बोललास कित्याक नाय? मी तुमच्यापायी रोज शेजारसून दूध हाडी व्हतंय."

दादा सरकून बसला, मी पेला दोन्ही हातांनी धरला. मुंबईला जायची माझी गाडी दुपारची होती.